अ‍ॅट्रोपीन थेंब (लघुदृष्टीसाठी)
मुलांच्या वाढत्या लघुदृष्टीचा वेग कमी करणारे औषध. बेलाडोना, धोतरा यांसारख्या वनस्पतींत आढळणारे अ‍ॅट्रोपीन बाहुली रुंद करते व जवळचे पाहण्याची क्षमता तात्पुरती घटवते. लघुदृष्टीत नेत्रगोल लांबत जातो. त्या वाढीला हे औषध आळा घालते. सिंगापूरमधील २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ टक्का द्रावण प्रभावी ठरले; पण तेवढ्या मात्रेने उजेड खुपतो, वाचन अवघड होते आणि थेंब थांबवल्यावर नंबर पुन्हा वेगाने वाढतो. म्हणूनच सौम्य मात्रांचा शोध महत्त्वाचा ठरला. हाँगकाँगच्या अभ्यासात (२०१९) ०.०१, ०.०२५ व ०.०५ टक्क्यांपैकी ०.०५ सर्वांत गुणकारी दिसले. थेंब रात्री झोपताना घालतात. आधीचा नंबर त्याने उतरत नाही, चष्माही सुटत नाही. नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याविना ते सुरू किंवा बंद करू नयेत.