आयकराचा भार कुणावर किती?

"पगार वाढला की सगळा टॅक्समध्ये जाणार," असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या टप्प्यातल्या रकमेला लागतो.

2025-26 साठी नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर शून्य आहे. पुढच्या प्रत्येक 4 लाखांना अनुक्रमे 5, 10, 15, 20, 25 टक्के आणि 24 लाखांच्या वरच्या रकमेला 30 टक्के. करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87-ए च्या सवलतीने कर माफ होतो (लॉटरी, शेअर्सचा नफा यांचा हिशेब वेगळा). नोकरदाराला 75 हजारांची वजावट मिळते, म्हणून त्याची मर्यादा पावणेतेरा लाख. 16 लाखांवर कर होतो 1 लाख 20 हजार, 24 लाखांवर 3 लाख. उत्पन्न दीडपट, कर अडीचपट! त्यावर 4 टक्के उपकर, आणि 50 लाखांपुढे अधिभारही.

मग शिवणकाम करणारी खाला करच भरत नाही का? आयकर नाही भरत, पण मोबाइल रिचार्जवर 18 टक्के जीएसटी तिलाही तेवढाच, जेवढा कोट्यधीशाला. हे कुणी मोजत नाही.

कर शून्य आला तरी उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल तर रिटर्न भरावंच लागतं. एफडीच्या व्याजातून बँकेने कापलेला टीडीएसही रिटर्न भरल्यावरच परत मिळतो.