कपाटातल्या अस्थी आणि कायद्यातली एक ओळ

21 एप्रिल 2015 ला एलेन हार्मन नावाच्या एक अमेरिकन आजी वारल्या. वय 95. घरच्यांसाठी हाताने लिहिलेलं पत्र ठेवून गेल्या होत्या, माझ्या अस्थी आर्लिंग्टनला ठेवा म्हणून. आर्लिंग्टन म्हणजे वॉशिंग्टनच्या समोर, पोटोमॅक नदीपलीकडची लष्करी दफनभूमी. केनेडींची कबर तिथेच आहे. घरच्यांनी विचारणा केली. लष्कराने सांगितलं, नियमात बसत नाही. मग अस्थींचा डबा मुलीच्या घरी कपाटात राहिला.

आता तुम्ही म्हणाल, एका आजींच्या अस्थींवर एवढी मोठी पोस्ट कशाला? तर हा नकार आला 2015 ला, पण त्याचं मूळ 1944 मध्ये आहे. आणि मधे 1977 चा एक कायदा आहे, ज्याने प्रश्न कायमचा मिटला असं सगळे धरून चालले होते. वेळ असेल तर वाचा.

हार्मन आजी 'वास्प' होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला वैमानिक कमी पडायला लागले, तेव्हा बायकांना घ्यायचं ठरलं. नॅन्सी लव्ह आणि जॅकलिन कॉक्रन या दोन वैमानिक बाईंनी 1942 मध्ये वेगवेगळी पथकं सुरू केली. ऑगस्ट 1943 मध्ये ती एकत्र करून जे दल झालं, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे वास्प. 25 हजारांवर अर्ज आले, 1,830 जणींना घेतलं, 1,074 जणी टेक्सासमध्ये, बहुतेक जणी स्वीटवॉटरला, प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. पुरुष कॅडेटला आधी विमान चालवता येत नसलं तरी चालायचं. बाईला मात्र उड्डाणाचे तास आधीच गाठीशी असावे लागत. स्वीटवॉटरला पोचायचं भाडंही स्वतःचं स्वतः.

काम काय? कारखान्यातून निघालेली नवी विमानं तळांवर नेऊन पोचवायची. दुरुस्त झालेलं विमान नीट उडतंय का ते आधी स्वतः उडवून बघायचं. आणि सगळ्यात भारी काम म्हणजे विमानामागे लांब दोरीला कापडी निशाणा बांधून उडायचं, आणि खालून शिकाऊ तोफची त्यावर खरा दारूगोळा झाडणार. बी-29 हे नवीन बॉम्बर आलं तेव्हा त्याच्या इंजिनांना आगी लागायच्या, पुरुष वैमानिक बसायला का-कू करत होते. तेव्हा पॉल टिबेट्स या अधिकाऱ्याने दोन वास्प मुलींना ते विमान शिकवलं आणि तळावर सगळ्यांसमोर उडवून दाखवायला लावलं. मग पुरुषांची कुरकुर थांबली. हाच टिबेट्स पुढे हिरोशिमावर गेला.

हे सगळं करताना कागदोपत्री या बायका कोण होत्या? नागरी कर्मचारी. गणवेश घालायच्या, लष्कराच्या शिस्तीत राहायच्या, गोपनीय विमानं चालवायच्या, पण सैनिक नाहीत. प्रशिक्षणानंतर महिना 250 डॉलर पगार, त्यातून राहण्याजेवणाचे पैसे कापून जायचे. लष्करी विमा नाही, लष्करी पेन्शन नाही.

आणि मेल्यावर काहीच नाही. अमेरिकेत सैनिक गेला की शवपेटीवर झेंडा घालतात, बिगूल वाजवतात, झेंड्याची त्रिकोणी घडी घालून घरच्यांच्या हातात देतात. वास्पच्या 38 जणी या कामात मेल्या. त्यांच्या पेटीवर झेंडा घालायची अधिकृत परवानगी नव्हती. मृतदेह घरी पाठवायचा खर्चही लष्कर करत नसे, म्हणून बराकीतल्या मैत्रिणी आपापसात वर्गणी काढायच्या.

मेबल रॉलिन्सनचं उदाहरण सांगतो. ऑगस्ट 1943, नॉर्थ कॅरोलायनातला कॅम्प डेव्हिस तळ, रात्रीचा सराव. विमान उतरताना कोसळलं आणि पेटलं. मागच्या सीटवरचा प्रशिक्षक बाहेर फेकला गेला आणि वाचला. मेबल पुढे होती. तिच्या कॉकपिटच्या झाकणाची कडी बिघडलेली होती, आतून उघडत नव्हती. ती आतच जळाली.

दुसरी हेझल यिंग ली. चिनी वंशाची, ऑरेगॉनमधल्या पोर्टलंडची. नोव्हेंबर 1944 मध्ये मोंटानातल्या ग्रेट फॉल्सला तिच्या विमानाची दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली आणि दोन दिवसांनी ती गेली. मग काही दिवसांतच घरी दुसरी बातमी आली, तिचा भाऊ फ्रान्समध्ये रणगाडा दलात मारला गेला. घरच्यांनी दोघांसाठी पोर्टलंडच्या दफनभूमीत जागा निवडली. उत्तर मिळालं, त्या भागात आशियाई लोकांना पुरत नाहीत. कुटुंब भांडलं आणि शेवटी जागा मिळवली. एकाच घरातले दोन मृत्यू, पण भाऊ सरकारी हिशोबात सैनिक आणि बहीण नागरी कर्मचारी. शहराच्या दफनभूमीने मात्र दोघांना सारखंच नाकारलं, एवढीच काय ती समानता.

या बायकांना सैन्यात घ्यायचा प्रयत्न झाला नव्हता असं नाही. हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप आर्नॉल्ड स्वतः मागे लागले होते. कॉस्टेलो या खासदाराने विधेयक आणलं. पण 1944 पर्यंत वारं फिरलं होतं. नागरी वैमानिक तयार करायची सरकारी योजना बंद झाली आणि तिथले पुरुष प्रशिक्षक रिकामे झाले. आता आपल्याला पायदळात ढकलतील या भीतीने त्यांनी खासदारांना पत्रं लिहिली, वर्तमानपत्रांत आवाज उठवला. बायकांनी आमच्या नोकऱ्या खाल्ल्या, असा सूर. 21 जून 1944 ला प्रतिनिधीगृहात विधेयक 188 विरुद्ध 169 मतांनी पडलं.

तारीख लक्षात ठेवा. दुसऱ्याच दिवशी, 22 जून 1944 ला, रूझवेल्टनी जी. आय. बिलावर सही केली. युद्धातून परत आलेल्या लाखो सैनिकांना कॉलेजची फी, घरासाठी कर्ज, बेकारी भत्ता देणारा हा कायदा. अमेरिकेतला युद्धानंतरचा मध्यमवर्ग यावर उभा राहिला असं म्हणतात. वास्पची गाडी एका दिवसाने नाही, 19 मतांनी चुकली.

20 डिसेंबर 1944 ला दल बरखास्त झालं. घरी जायचं तिकीटही बहुतेकींनी आपल्या पैशाने काढलं. कागदपत्रं गोपनीय म्हणून बंद झाली आणि तीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. 1976 मध्ये हवाई दलाने बायकांना वैमानिक प्रशिक्षण देणार असं जाहीर केलं. बातम्या आल्या की अमेरिकेच्या इतिहासात पहिल्यांदाच बायका लष्करी विमानं चालवणार. साठीला पोचलेल्या या बायकांनी ते वाचलं आणि मग मात्र त्या पेटल्या.

वॉशिंग्टनमध्ये त्यांच्या बाजूने उभे राहिले सिनेटर बॅरी गोल्डवॉटर, जे युद्धकाळात या बायकांसोबत उडाले होते, आणि जनरल आर्नॉल्ड यांचे चिरंजीव कर्नल ब्रूस आर्नॉल्ड. विरोधात कोण होतं? माजी सैनिकांचं सरकारी खातं, आणि अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्याच संघटना! एकाला दिलं की सगळे नागरी कर्मचारी मागायला येतील, माजी सैनिक या शब्दाची किंमतच राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं. अगदीच निरर्थक नव्हतं ते. युद्धात बोटी बुडून मेलेले व्यापारी जहाजांवरचे खलाशीही याच रांगेत उभे होते, त्यांना 1988 मध्ये मान्यता मिळाली. पण माझ्या मते यातून उलटंच सिद्ध होतं. रांग लांब आहे म्हणून पहिल्याला परत पाठवायचं, हा काही न्याय नाही.

शेवटी एका वास्पकडचं जुनं सेवामुक्तीचं प्रमाणपत्र कामी आलं. त्यावर लष्करातल्या पुरुषांच्या प्रमाणपत्रावर असते तीच भाषा होती. 23 नोव्हेंबर 1977 ला जिमी कार्टरनी कायद्यावर सही केली. 1979 मध्ये प्रत्यक्ष मान्यता मिळाली. तोपर्यंत जी. आय. बिलातून कॉलेज शिकायचं वय कधीच गेलं होतं. राहिलं काय, तर म्हातारपणी दवाखाना आणि पेटीवर झेंडा.

आता ती एक ओळ. कायद्यात लिहिलं होतं, या बायकांची सेवा माजी सैनिक खात्यामार्फत चालणाऱ्या कायद्यांपुरती सक्रिय लष्करी सेवा समजावी. वाचताना काही खटकत नाही. पण अमेरिकेतल्या बहुतेक लष्करी दफनभूम्या 1973 मध्येच लष्कराकडून या खात्याकडे गेल्या होत्या, आणि आर्लिंग्टन गेली नव्हती. ती आजही लष्कराकडे आहे. म्हणजे वास्प बाई देशभरातल्या खात्याच्या दफनभूमीत माजी सैनिक, आणि आर्लिंग्टनच्या फाटकात परत नागरी कर्मचारी.

2002 मध्ये एका वास्पच्या कुटुंबाने आवाज उठवल्यावर लष्कराने अस्थी ठेवायला परवानगी दिली होती. 2015 मध्ये लष्कराचे सचिव जॉन मॅकह्यू यांनी ती काढून घेतली. आम्हाला तसा अधिकारच नव्हता, असं लष्कराच्या वकिलांचं मत, शिवाय जागा संपत चाललीय. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, हे कबूल करायला हवं. आर्लिंग्टनमध्ये चार लाखांच्या आसपास माणसं आधीच आहेत. पण मूठभर म्हाताऱ्या बायकांचे कलश ठेवायला किती जागा लागणार होती?

हार्मन आजींची नात एरिन मिलर पेशाने वकील. तिने ऑनलाइन अर्जावर लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या, घरच्यांनी खासदारांचे उंबरे झिजवले. प्रतिनिधीगृहात विधेयक आणलं मार्था मॅकसॅली यांनी, ज्या स्वतः हवाई दलाच्या लढाऊ वैमानिक होत्या. 20 मे 2016 ला ओबामांची सही झाली. 7 सप्टेंबर 2016 ला एलेन हार्मन यांच्या अस्थी लष्करी मानवंदनेसह आर्लिंग्टनच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवल्या गेल्या. जमिनीत कबर मात्र या कायद्यानेही मिळत नाही, फक्त कलशाची जागा.

2019 मध्ये लष्कराने आर्लिंग्टनचे नियम आणखी आवळायचा प्रस्ताव आणला. सेवानिवृत्त सैनिकांपैकी अनेकांना त्यात जमिनीतली कबर मिळणार नव्हती. वास्पच्या कोनाड्यांना त्यात हात लावलेला नव्हता. यावेळी ते कायद्यात लिहिलेलं होतं.