पेरोनेंची पिवळी पूड

सिसप्लॅटिन हे औषध अमेरिकेत १९ डिसेंबर १९७८ रोजी मंजूर झालं, वृषणाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. पदार्थ म्हणून मात्र तोवर त्याचं वय १३४ वर्षांचं होतं. १८४४ साली मिकेले पेरोने हे इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्लॅटिनमच्या क्षारांवर काम करत होते. बनवायचा होता माग्नुसचा हिरवा क्षार. हाती आली पिवळी पूड. पृथक्करण केलं तर हिरव्यात आणि पिवळ्यात मूलद्रव्यांचं प्रमाण अगदी सारखं निघालं. पेरोनेंनी हे कोडं लीबिग यांच्या 'आनालेन' या नियतकालिकात छापलं आणि त्या पुडीला 'पेरोनेचं क्लोराइड' असं नाव पडलं.

अशी कोडी सुटायला झुरिकचे आल्फ्रेड वेर्नर यावे लागले. १८९३ साली त्यांनी मांडलं की अशा संयुगात प्लॅटिनमचा अणू मध्ये असतो आणि सपाट चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर दोन क्लोरिन आणि दोन अमोनिया. दोन्ही क्लोरिन शेजारच्या कोपऱ्यांवर आले तर एक पदार्थ, समोरासमोर आले तर दुसरा. शेजारचा तो 'सिस', समोरचा तो 'ट्रान्स'. पेरोनेंची पूड म्हणजे यातला सिस. पुढची सत्तर वर्षं तिचा मुख्य उपयोग म्हणजे फळ्यावर चौकोन काढून विद्यार्थ्यांना हा फरक समजावणं. ती कोणा रोग्याला द्यावी असं कोणाच्या डोक्यात येण्याचं काही कारणच नव्हतं.

ज्यांच्या डोक्यात आलं ते बार्नेट रोझेनबर्ग डॉक्टर नव्हते आणि रसायनशास्त्रज्ञही नव्हते. भौतिकशास्त्र शिकलेला हा माणूस १९६१ साली मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत जीवभौतिकी विभागात आला. पेशी दुभंगताना गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात. सूक्ष्मदर्शकाखालचं ते चित्र पाहून रोझेनबर्ग यांना चुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषा धरतो त्यांची आठवण झाली. पेशी एखाद्या विद्युत किंवा चुंबकीय बळाने तर दुभंगत नसेल? तसं असेल तर बाहेरून विद्युतक्षेत्र लावून विभाजनात लुडबुड करता यायला हवी. कल्पना चुकीचीच होती. गुणसूत्रं ओढतात ते प्रथिनांचे तंतू. पण प्रयोग करून पाहण्याइतकी ती स्पष्ट होती, आणि चुकीच्या कल्पनेकडून एवढं मिळालं तरी पुष्कळ.

सस्तन प्राण्यांच्या पेशींकडे वळण्याआधी उपकरण नीट चालतंय का हे पाहायला त्यांनी ई. कोलाय हे जिवाणू घेतले. वाढवायला सोपे, मरायला सोपे. पात्रात जिवाणूंचं पोषकद्रव्य आणि त्यात दोन इलेक्ट्रोड. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे, कारण प्लॅटिनम कशाशीच झटापट करत नाही असं सगळे धरून चालत. लोरेटा व्हॅन कॅम्प या प्रयोगशाळेतलं हे काम पाहत होत्या. वीज सुरू केली आणि थोड्या वेळाने जिवाणूंची दाटी कमी होऊ लागली. काचेवर थेंब घेऊन पाहिलं तर आखूड कांड्यांसारख्या जिवाणूंच्या जागी लांबच लांब शेवया! काही तर नेहमीच्या लांबीच्या ३०० पट. जिवाणू मेले नव्हते, वाढत होते. फक्त दुभंगायचे थांबले होते.

ही हकिकत सांगणारे बहुतेक जण इथे 'अपघाताने लागलेला शोध' म्हणतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. अपघात झाला तो एका दिवसात. शोध लागला तो त्यानंतरच्या चिवट तपासात. विद्युतक्षेत्राने हे घडतं असं म्हणून निबंध छापला असता तर रोझेनबर्ग यांचा मूळ सिद्धान्त खरा ठरल्यासारखं दिसलं असतं, आणि मोह केवढा असेल! त्याऐवजी त्यांनी एकेक संशयित तपासायला घेतला: तापमान, आम्लता, क्षार. मग ज्या द्रवातून आधी वीज गेली आहे अशा द्रवात नवे जिवाणू सोडून पाहिले, वीज न लावता. तेही लांबले. म्हणजे करामत विजेची नव्हती, वीज गेल्यावर द्रवात जे तयार झालं त्याची होती. 'निष्क्रिय' इलेक्ट्रोडमधून प्लॅटिनमचा अंश सुटून पोषकद्रव्यातल्या अमोनियम क्लोराइडशी जुळत होता.

मग प्लॅटिनमचं तेच संयुग त्यांनी बाटलीत थेट बनवून जिवाणूंना दिलं, तर शेवया होईनात. ताजं द्रावण काही करेना, टेबलावर बरेच दिवस पडून राहिलेलं द्रावण मात्र करामत दाखवी. उलगडा झाला तो उजेडामुळे. प्रकाशाने संयुगातले काही क्लोरिन सुटतात आणि त्यांच्या जागी अमोनिया बसतात. अशा बदललेल्या रेणूंपैकी सिस रचनेचे रेणू विभाजन थांबवत होते, ट्रान्स नाही. वेर्नर यांचा फळ्यावरचा चौकोन आता जिवाणूंना समजत होता. पहिला निबंध १९६५ साली 'नेचर'मध्ये आला.

पुढची उडी साधी पण धाडसाची. विभाजन थांबवणारं द्रव्य असेल तर बेबंद विभाजनाच्या आजारावर का वापरू नये? १९६८ साली सार्कोमा-१८० नावाची गाठ असलेल्या उंदरांना काही प्लॅटिनम संयुगं टोचली. गाठी विरल्या. सर्वांत सरस ठरला तो पेरोनेंचा पिवळा पदार्थ. १९६९ साली 'नेचर'मध्ये दुसरा निबंध आला.

वैद्यक मात्र कां-कूं करत होतं, आणि त्याला कारण होतं. जड धातू म्हणजे विष, ही शतकांची शिकवण. माणसांवरच्या चाचण्या १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाल्या तेव्हा ती खरीही ठरली. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. उलट्या अशा की रुग्ण पुढचा डोस नको म्हणत. ऐकू येणं कमी होई. औषध गुंडाळून ठेवण्यापर्यंत गोष्ट आली होती, असं त्या काळचे डॉक्टर सांगतात. वाचवलं ते कोणत्या नव्या रेणूने नाही, पाण्याने. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एस्तेबान स्वित्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आधी आणि नंतर भरपूर सलाईन दिलं, सोबत लघवी वाढवणारं मॅनिटॉल दिलं, तर मूत्रपिंडं तगतात. आजही सिसप्लॅटिनच्या दिवशी बाटलीमागून बाटली चढते ती त्याचमुळे. उलट्यांवर खरा उतारा १९९१ साली ऑनडॅनसेट्रॉन मंजूर झाल्यावर मिळाला.

१९७०च्याच दशकात लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयात डॉ. ईव्ह विल्टशॉ यांनी हे औषध अंडाशयाच्या कॅन्सरवर वापरलं. हा आजार पोटाच्या पोकळीत गुपचूप पसरतो. बहुतेकींना कळतो तेव्हा उशीर झालेला असतो. तोवरची औषधं मोहरीच्या वायूच्या कुळातली, मेलफॅलन आणि क्लोरॅम्ब्युसिल यांच्यासारखी. ती थकल्यावर हाती काही उरत नसे. विल्टशॉ यांच्या १९७६च्या अहवालात अशाच, आधीची औषधं हरलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांच्यापैकी साधारण चौघींत एकीचा आजार सिसप्लॅटिनने मागे हटला. आकडा लहान वाटेल. पण ज्यांना द्यायला काहीच नव्हतं त्यांच्यातला तो आहे.

औषध वापरात आलं, पण ते पेशीत काय करतं हे समजायला पुढची दोन दशकं गेली. सगळा खेळ क्लोराइडचा. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून तिथे रेणू आपले दोन्ही क्लोरिन धरून असतो. पेशीच्या आत क्लोराइड फार कमी. तिथे ते गळतात आणि मोकळ्या झालेल्या दोन हातांनी प्लॅटिनम डीएनएला पकडतो, बहुतेकदा लागून आलेल्या दोन ग्वानिनना. डीएनएची शिडी त्या जागी वाकते. एमआयटीत स्टीफन लिपर्ड यांच्या चमूने १९९५ साली हा वाक स्फटिकरचनेत दाखवला. ट्रान्सचे हात विरुद्ध दिशांना असतात, त्यांना शेजारशेजारचे दोन ग्वानिन धरताच येत नाहीत.

हे रसायन औषध तयार करणाऱ्या सिस्टरांच्या हाताखाली रोज असतं. सिसप्लॅटिन मिसळायचं ते सलाईनमध्ये, कारण मिठातलं क्लोराइड त्याला स्थिर ठेवतं. सुईला किंवा नळीला ॲल्युमिनिअमचा भाग असून चालत नाही, औषध त्याच्याशी अभिक्रिया होऊन काळं पडतं. त्याच्या भावाला, कार्बोप्लॅटिनला, ग्लुकोजचं पाणी चालतं.

हा भाऊ लंडनमध्येच जन्मला: इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च, रॉयल मार्सडेन आणि प्लॅटिनमचा व्यापार करणारी जॉन्सन मॅथी कंपनी यांच्या भागीदारीत. दोन चपळ क्लोरिनच्या जागी सावकाश सुटणारा एक कडीसारखा गट बसवला. मूत्रपिंडांचा छळ कमी झाला, उलट्या कमी झाल्या. भार रक्तातल्या पेशींवर, विशेषतः प्लेटलेट्सवर पडला. त्याचा डोस उंची-वजनावर ठरवण्यापेक्षा मूत्रपिंडं किती वेगाने गाळतात त्यावर ठरवावा, हे हिलरी कॅल्व्हर्ट यांनी १९८९ साली एका ओळीच्या सूत्रात मांडलं. गाळण्याच्या गतीत २५ मिळवा आणि हव्या त्या मात्रेच्या आकड्याने गुणा. गती ७५ आणि आकडा ५ असेल तर डोस ५०० मिलिग्रॅम. कॅन्सरवरची इतकी सुटसुटीत गणितं फार नाहीत. १९९६ साली सिसप्लॅटिनला यू वृक्षातून मिळालेल्या पॅक्लिटॅक्सेलची जोड दिल्यावर, अंडाशयाच्या वाढलेल्या कॅन्सरमधल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान २४ महिन्यांवरून ३८ महिन्यांवर गेलं. नंतर सिसप्लॅटिनच्या जागी कार्बोप्लॅटिन आलं, आणि ही जोडी आजही उपचाराचा पाया आहे.

पण काहींना प्लॅटिनम इतकं छान का लागू पडतं आणि काहींना का नाही? उत्तर औषधात नव्हतं, गाठीच्या दुरुस्तीखात्यात होतं. मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली स्तनाच्या आनुवंशिक कॅन्सरचं एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं; १९९४ साली ते हाती लागलं, बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२. तुटलेला डीएनए बिनचूक सांधायला या जनुकांची प्रथिनं लागतात. ती नसलेल्या पेशीला प्लॅटिनमची मिठी सोडवता येत नाही आणि ती मरते. २०११ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने अंडाशयाच्या कॅन्सरच्या सर्वांत नेहमीच्या आणि आक्रमक प्रकारातल्या गाठी तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्या गाठींत ही दुरुस्ती कुठे ना कुठे अडलेली आढळली. म्हणजे पेरोनेंची पूड नेमक्या अशा आजाराच्या गळ्यात पडली होती ज्याचं दुरुस्तीखातं जवळजवळ अर्धं बंद होतं. हे माहीत असून कोणी ती निवडली नव्हती.

त्याच दुबळेपणावर २००५ साली शेफिल्ड आणि लंडनच्या दोन गटांनी 'नेचर'च्या एकाच अंकात नवी युक्ती मांडली: दुरुस्तीचा दुसरा रस्ता, पार्प नावाचं विकर, बंद करायचा. त्यातून ओलापॅरिब आलं, २०१४ साली मंजूर झालं. २०१८च्या चाचणीत बीआरसीए बिघडलेल्या आणि पहिल्या प्लॅटिनम उपचाराला दाद दिलेल्या रुग्णांत आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका त्याने ७० टक्क्यांनी कमी केला. दाद दिलेल्या, ही अट महत्त्वाची. प्लॅटिनम इथे औषधही होतं आणि परीक्षाही.

गाठही शिकते, आणि तिची युक्ती चलाखीची आहे. २००८ साली दिसून आलं की बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या काही पेशींत त्याच जनुकात दुसरा बिघाड होतो आणि त्याने वाचनाचा क्रम पुन्हा जुळतो. प्रथिन परत बनू लागतं, दुरुस्तीखातं उघडतं. मग प्लॅटिनम चालत नाही आणि पार्पवरच्या गोळ्याही चालेनाशा होतात.

दवाखान्यात याला मोजमाप आहे. प्लॅटिनमचा शेवटचा डोस झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आजार उलटला तर 'प्लॅटिनम रेझिस्टंट', त्यानंतर उलटला तर 'सेन्सिटिव्ह'. ही सहा महिन्यांची रेघ निसर्गाने आखलेली नाही. पाच महिन्यांवर आणि सात महिन्यांवर आजार उलटलेल्या दोघींच्या गाठींत फरक काय, हे कोणी ठामपणे सांगू शकणार नाही. तरी चाचण्या तिच्यावर बेततात, औषधं तिच्यावर मंजूर होतात. २०२२ साली मर्व्हेटुक्सिमॅब सोरॅव्हटॅन्सिन हे प्रतिपिंडावर स्वार केलेलं औषध अमेरिकेत आलं, २०२४ साली त्याला पूर्ण मान्यता मिळाली. त्यात प्लॅटिनमचा कणही नाही. ते कोणाला द्यायचं, तर जिच्या गाठीवर फोलेट रिसेप्टर भरपूर आहेत आणि जिचा आजार आता प्लॅटिनमला जुमानत नाही, तिला.