गर्भातील हृदयाला रसायनांचा धोका

नाशिक : गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी गर्भाचे हृदय धडधडू लागते आणि आठव्या आठवड्याअखेर त्याचे चारही कप्पे आकारास येतात. आपल्याला दिवस गेले आहेत, हे अनेकदा स्त्रीला कळण्यापूर्वीच ही घडण सुरू झालेली असते. त्यामुळे निफाड, दिंडोरी परिसरातील द्राक्षबागांत राबणाऱ्या महिलांसाठी हा काळ काळजीचा ठरतो.

प्रदूषक रसायनांचा भ्रूणाच्या हृदयावरील परिणाम प्रामुख्याने माशांच्या अभ्यासातून उलगडला. १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यालगत ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाजातून तेलगळती झाली. कच्च्या तेलातील बहुचक्रीय हायड्रोकार्बनमुळे माशांच्या भ्रूणांच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि हृदयाभोवती पाणी साचते, असे त्यानंतरच्या प्रयोगांत आढळले. डायऑक्सिनचाही असाच परिणाम दिसला. भारतीय उपखंडातील ओढ्यांत सापडणाऱ्या झेब्राफिशचे भ्रूण पारदर्शक असल्याने त्याचे हृदय सूक्ष्मदर्शकाखाली थेट पाहता येते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही या माशाच्या हृदयावर संशोधन झाले आहे.

माशांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. जन्मजात हृदयदोषांमागे आनुवंशिकता, मातेचा मधुमेह, रुबेला ही कारणेही असतात. तथापि, गर्भधारणेची शक्यता असलेल्या महिलांनी फवारणीपासून, तसेच नुकत्याच फवारलेल्या बागेपासून दूर राहणेच हितावह.