डेपोचं दुकान पुन्हा मांडताना

'अजाइल वेब डेव्हलपमेंट विथ रेल्स' या पुस्तकाची पहिली आवृत्ती २००५ सालच्या मध्यावर आली. रेल्स या वेब फ्रेमवर्कचं १.० व्हर्जन आलं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे पुस्तकाचे लेखक डेव्ह थॉमस ज्याबद्दल लिहीत होते, ते अजून घडायचंच होतं. रेल्सचे कर्ते डेव्हिड हाइनमायर हॅन्सन सोबत होते, म्हणून ते जमलं. छपाई व्हायच्या आधीच प्रकाशकांनी अपुऱ्या पुस्तकाची पीडीएफ विकायला काढली. वाचकांनी चुका कळवायच्या, लेखकांनी त्या दुरुस्त करायच्या, अशी ती पद्धत.

मी पुण्यात नव्या मुलामुलींना रेल्स शिकवते. हे पुस्तक पुढची अनेक वर्षं कसं टिकवलं गेलं, ते मी त्यांना आवर्जून सांगते. कारण त्यांच्याआधीच्या पिढ्या वेगळ्या पुस्तकांवर वाढल्या. कर्निघन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक १९७८ चं. दुसरी आवृत्ती १९८८ ची, आणि तिसरी आलीच नाही. आपल्याकडे नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' घरोघरी होतं आणि कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा. clrscr() लिहायचं, पडदा पुसायचा. ते फंक्शन सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतलं नाही, हे कित्येकांना नोकरी लागल्यावर कळलं. तिथे लॅब बदलत नव्हती, म्हणून टिपणंही जुनी होत नव्हती.

रेल्समध्ये ती सोय नव्हती. या पुस्तकात वाचक 'डेपो' नावाचं ऑनलाइन दुकान बांधतो. दुकानात माल कोणता, तर पुस्तकं. डिसेंबर २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची सुरुवात फार देखणी होती: कंट्रोलरमध्ये scaffold :product एवढी एकच ओळ, की वस्तू भरायची, बदलायची, काढायची पानं तयार. वर्षभरात, डिसेंबर २००७ मध्ये, रेल्स २.० आलं आणि ती सोय काढून टाकली गेली. पुस्तक उघडून अक्षर न् अक्षर बरोबर टाइप करणाऱ्याला सुरुवातीलाच एरर मिळू लागली. तिसरी आवृत्ती आली ती २००९ मध्ये. मधल्या काळात शिकायला बसलेल्या किती जणांनी 'हे आपल्याला जमणारं नाही' म्हणून मशीन बंद केलं असेल, या विचाराने मला आजही वाईट वाटतं. चूक त्यांची नव्हती. नवख्याला चूक स्वतःची की पुस्तकाची, हे ओळखताच येत नाही.

तिसऱ्या आवृत्तीपासून धुरा सॅम रुबी यांच्याकडे आली. पुढे ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षही झाले, पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम हे आहे. पुस्तकात वाचकाला जे जे करायला सांगितलंय, ते सगळं पहिल्यापासून करून बघणारा प्रोग्रॅमच त्यांनी लिहिला. तो रिकाम्या फोल्डरपासून डेपो उभा करतो, प्रकरणागणिक कोड बदलतो, सर्व्हर चालवून पानं मागवतो आणि उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का ते तपासतो. हे रुबी भाषेच्या आणि रेल्सच्या वेगवेगळ्या व्हर्जनांवर, अजून प्रसिद्ध न झालेल्या रेल्सवरसुद्धा. काही मोडलं की दोनच शक्यता: एकतर पुस्तकाचं पान बदलायचं, नाहीतर रेल्समध्येच दोष आहे. असे दोष त्यांनी रेल्सच्या मंडळींना कळवलेही. पुस्तकच फ्रेमवर्कची परीक्षा घेऊ लागलं!

तरी हाताचं काम संपत नाहीच. रेल्स ३ मध्ये script/server जाऊन rails server आलं. रेल्स ४ मध्ये फॉर्ममधून कोणती माहिती स्वीकारायची हे मॉडेलऐवजी कंट्रोलरमध्ये ठरू लागलं. जावास्क्रिप्टचं तर विचारूच नका: आधी प्रोटोटाइप, ३.१ पासून जेक्वेरी, रेल्स ६ मध्ये वेबपॅकर आणि २०२१ अखेरीस रेल्स ७ आलं तेव्हा वेबपॅकरही बाजूला. तपासणारा प्रोग्रॅम कुठे मोडलं ते सांगतो. नवी रीत अशी का, हे समजावणारा परिच्छेद माणसालाच नव्याने लिहावा लागतो, आणि आधीच्या प्रकरणात दिलेलं उदाहरण नव्या रीतीशी अजून जुळतं का, हेही त्यालाच पाहावं लागतं.

म्हणून वर्गात पहिल्या दिवशी मी कोड लिहायला देत नाही. पुस्तक कोणत्या व्हर्जनसाठी आहे ते आतल्या पानावर शोधायला लावते, आणि नेमकं तेच रेल्स मशीनवर बसवून घेते.