टर्नरची सरती सीमा

इतिहासकाराची कीर्ती ग्रंथांच्या संख्येवर अवलंबून असती, तर फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याचे नाव विस्कॉन्सिनबाहेर फारसे कोणी घेतले नसते. डॉक्टरेटचा प्रबंध सोडला तर हयातीत त्याच्या हातून पुरा झालेला सलग इतिहासग्रंथ एकच, १९०६ सालचा. अमेरिकेच्या इतिहासलेखनाला त्याने वळण दिले ते एका निबंधाने. आणि तोही १२ जुलै १८९३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत वाचला गेला, तेव्हा फारशी खळबळ न उडवता संपला.

टर्नरचा जन्म १८६१ मध्ये विस्कॉन्सिनमधील पोर्टेज येथला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील त्याचा गुरू हर्बर्ट बॅक्स्टर अ‍ॅडम्स अमेरिकन संस्थांचे बीज प्राचीन जर्मन अरण्यांत शोधीत असे. शिष्याने बीजाऐवजी जमिनीकडे पाहिले. पश्चिमेकडील वस्तीची सलग सीमारेषा आता दाखविता येत नाही, असे १८९० च्या जनगणनेने नमूद केले होते. त्या रुक्ष टिपणातून टर्नरने सिद्धांत उभारला : मोकळी जमीन, तिची सतत मागे हटणारी कड आणि वस्तीची पश्चिमेकडील वाटचाल यांतच अमेरिकन लोकशाहीचा व राष्ट्रीय स्वभावाचा उगम आहे.

अनुवादक येथे अडखळतो. या ‘फ्रंटियर’ला मराठीत काय म्हणावे? ‘सरहद्द’ म्हटले की वायव्य सरहद्द प्रांत, ठाणी व पहारे डोळ्यांपुढे येतात. आणि दाट वस्तीच्या प्रदेशांमधील तटबंदीची रेषा हा युरोपीय अर्थ तर टर्नरने मुद्दाम बाजूला सारला होता. ‘सीमा’ म्हणावे, तर आपली गावची शीव जागची हलत नाही. सीमोल्लंघन करून सोने लुटलेला माणूस रात्री घरी परततो. टर्नरची सीमा माणसाच्या पुढे चालते आणि माणूस परतत नाही. ‘सरती सीमा’ हा शब्द मला त्यातल्या त्यात जवळचा वाटतो. कारण सरणे म्हणजे पुढे जाणेही आणि संपणेही.

तथापि खरी अडचण ‘मोकळी जमीन’ या शब्दांत आहे. ती मोकळी नव्हती. ज्या १८९० सालाने सीमा संपल्याची नोंद केली, त्याच सालच्या डिसेंबरात वूंडेड नी येथे लाकोटा स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली. टर्नरला मूळ रहिवाशांची ओळखच नव्हती म्हणावे, तर त्याचा प्रबंध विस्कॉन्सिनमधील इंडियन व्यापारावरचाच! निबंधात हे लोक येतात ते व्यापारातील भागीदार म्हणून, अथवा वसाहतींना एकत्र आणणारे संकट म्हणून. जमिनीचे धनी म्हणून नव्हे. पॅट्रिशिया नेल्सन लिमरिक हिने १९८७ मध्ये ‘सीमे’ऐवजी ‘जिंकणे’ हा शब्द पुढे केला, तो मला न्याय्य वाटतो.

१९१० मध्ये टर्नर हार्वर्डला गेला, १९२४ मध्ये निवृत्त झाला. कार्ल बेकरसारखे शिष्य त्याने घडविले. संकल्पित मोठा ग्रंथ मात्र टिपणांच्या ढिगांतच राहिला. १९३२ मध्ये तो वारला. पुढल्याच वर्षी त्याच्या एका निबंधसंग्रहाला पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि तो मोठा ग्रंथ १९३५ मध्ये अपुराच छापला गेला.