कोणते भाग आधी खेळावेत?

जुन्या मालिकेतला नवा गेम जाहीर झाला की खेळणाऱ्यांत एक प्रश्न हमखास निघतो: त्याआधी मागचे कोणते भाग खेळायला हवेत? उत्तरं बहुधा दोन टोकांची मिळतात. कुणी सांगतं, कथेतला काळ लावून घ्या आणि सगळे भाग त्या क्रमाने संपवा. कुणी सांगतं, मागचं सोडा, थेट नवा घ्या. जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या मालिकेचा इतिहास नीट पाहिला तर दोन्ही उत्तरं अपुरी पडतात. नवा भाग खेळणाऱ्याच्या ज्या आठवणींवर विसंबून रचलेला असतो, त्या आठवणी देणारे भाग तेवढे आधी खेळावेत आणि ते बाजारात आले त्याच क्रमाने खेळावेत, असं हा इतिहास मला सांगतो.

मागचा भाग खेळलेला असणं ही एके काळी सल्ल्याची बाब नव्हती, अट होती. अमेरिकेत 1981 मध्ये अ‍ॅपल टू संगणकावर आलेल्या ‘विझर्ड्री’चा दुसरा भाग 1982 मध्ये निघाला, तेव्हा त्यात पहिल्या भागात घडवलेली पात्रंच न्यावी लागत. जपानी घरांतल्या फॅमिकॉम या गेमयंत्रावर हे जमणारं नव्हतं. मे 1986 मध्ये एनिक्स कंपनीने पहिला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणला, त्याच्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवायची सोयच नव्हती. राजाकडे गेलं की तो जपानी ‘काना’ लिपीतल्या वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे. तो वहीत उतरवायचा आणि पुढच्या वेळी जसाच्या तसा भरायचा. 1987 च्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला आणि एक अक्षर चुकलं तरी सगळी मेहनत पाण्यात जाई. फेब्रुवारी 1988 मधल्या तिसऱ्या भागात बॅटरी आली, खेळ कार्ट्रिजमध्येच राहू लागला. पण एका कार्ट्रिजमधलं दुसऱ्यात नेणं तेव्हाही शक्य नव्हतं. तीन भागांना जोडणारा धागा ठेवायला लेखक-रचनाकार युजी होरी यांच्याकडे एकच जागा होती, ती म्हणजे खेळणाऱ्याची स्मृती.

ती त्यांनी फार विचारपूर्वक वापरली. पहिल्या भागात राजवाड्याबाहेर पाऊल टाकताच पाण्यापलीकडे शत्रूचा किल्ला दिसतो. अंतर हाकेचं, पण तिथे पोचायला अख्खा खेळ खर्ची पडतो. नायक एकटा, लढाईत समोर शत्रूही एकच. कुणाशी बोलायचं तर आधी यादीतून उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम यांपैकी दिशा निवडायची. दुसऱ्या भागात तिघांची टोळी झाली. तिसऱ्यात साथीदार आणि त्यांचे पेशे खेळणारा स्वतः निवडू लागला आणि टोळी चौघांची झाली. रोल-प्लेइंग हा खेळप्रकार ठाऊक नसलेल्या घरांना तो असा पायरीपायरीने शिकवला गेला. तिसऱ्या भागात शेवटचा वाटणारा शत्रू पडल्यावर नायक एका विवरातून खालच्या अंधाऱ्या जगात उतरतो, आणि तो प्रदेश पहिल्या भागातलाच निघतो: तोच राजवाडा, पाण्यापलीकडे तीच किल्ल्याची जागा. पहिल्या भागात ज्याच्या नावाने वंश सांगितला जात होता तो रोतो आपणच, हेही तिथेच उलगडतं. कथेच्या काळानुसार या तिन्हींत तिसरा भाग सर्वांत आधीचा. पण तो आधी खेळणाऱ्याला इथे आणखी एक नवा मुलूख दिसतो, एवढंच. ती भूमी आधी पायाखालून गेलेली असेल तरच हा प्रसंग अंगावर येतो.

यावर एक जोरदार आक्षेप आहे. मालिकेची आजची मालक कंपनी स्क्वेअर एनिक्सने स्वतःच नव्या रूपातला तिसरा भाग नोव्हेंबर 2024 मध्ये आधी आणला, आणि पहिला व दुसरा ऑक्टोबर 2025 मध्ये. मग कथेचा क्रमच खरा नाही का? पण या नव्या आवृत्त्या म्हणजे जुन्या गेमवर केलेली नुसती रंगरंगोटी नाही. पहिल्या दोन भागांत नवे प्रसंग घातले आहेत, दुसऱ्यात चौथा साथीदारही आला आहे. हे लेखन तिसरा भाग नुकताच संपवलेल्या माणसाला समोर ठेवून केलेलं आहे. त्या आवृत्त्या घेणाऱ्याने कंपनीचाच क्रम धरावा. बाजारात येण्याचा क्रम इथेही पाळला जातो, फक्त आवृत्तीबरोबर तो बदलला.

दुसरा आक्षेप वेळेचा आहे आणि तो रास्त आहे. जुन्या भागांत ताकद वाढवायला त्याच त्या लढाया लढाव्या लागतात. सगळे खेळा म्हणणं हा जुलूमच होईल. पण सगळ्यांची गरजही नाही. चौथा, पाचवा, सहावा यांचं नातं सैल आहे; सातवा, आठवा, नववा यांची आपापली जगं आहेत; 2012 चा दहावा ऑनलाइन आहे. 2017 चा अकरावा यांपैकी काहीही न खेळता समजतो, मात्र त्याचा शेवट तिसऱ्याच्या सुरुवातीला नेऊन जोडला आहे. म्हणून अकराव्याआधी पहिला आणि तिसरा पुरेत. बाकीचे त्यांच्या स्वतःच्या गुणांसाठी खेळावेत. ‘फायनल फँटसी’ या दुसऱ्या जपानी मालिकेत तर बहुतेक प्रत्येक आकड्याला नवं जग असतं, तिथे 2023 च्या सोळाव्याआधी पंधरा भागांची रांग लावायचं कारणच नाही.

गेम स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा, हेही मला मान्य आहे. होरींचे गेम तसे उभे राहतात. ‘विझर्ड्री’सारखी अट त्यांनी घातली नाही, फक्त ज्याला आठवतं त्याला जास्त दिलं. 2021 मध्ये बारावा भाग जाहीर झाला, तेव्हापासून ‘आधी काय खेळू?’ हा प्रश्न पुन्हा निघाला आहे. त्याची जबाबदारी एकट्या खेळणाऱ्यावर टाकणं बरोबर नाही. जी मालिका लोकांच्या आठवणींच्या बळावर चाळीस वर्षं चालते, तिच्या मालकांनी नव्या आवृत्त्यांच्या शेजारी मूळ भागही आहेत त्या रूपात विक्रीला ठेवले पाहिजेत. नाहीतर 1988 चा तो प्रसंग पुढच्या पिढीला फक्त ऐकून माहीत असेल.